माशाखालचे तीन ठिपके

चीनमध्ये हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी खांगशी सम्राटाच्या हस्ताक्षरातला एक शिलालेख आहे. त्यातल्या ‘यू’ म्हणजे ‘मासा’ या अक्षराच्या तळाशी चार ठिपके हवेत, पण आहेत तीनच. पर्यटकांना यावर एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. चार ठिपके म्हणजे आग, तीन म्हणजे पाणी. मासे भाजले जाऊ नयेत म्हणून दयाळू सम्राटाने एक ठिपका मुद्दाम गाळला! गोष्ट गोड आहे, पण अक्षराचा इतिहास तिला आधार देत नाही.

माशाखालचे ते ठिपके म्हणजे त्याची शेपटी. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, शांग काळात, कासवांच्या कवचांवर आणि गुरांच्या हाडांवर मजकूर कोरत. तिथे ‘मासा’ हे सरळ चित्रच होते: वर तोंड, मध्ये खवले, खाली दुभंगलेली शेपटी. पुढे बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर कुंचल्याने भराभर लिहिणे हे कारकुनांचे रोजचे काम झाले. गोलाई काढत बसण्यापेक्षा तुटक फटकारे मारणे सोपे जाते. वळणे मोडली, शेपटीची टोके सुटी झाली आणि तळाशी ठिपक्यांची ओळ उरली. घोड्याचे पाय, पक्ष्याचे पंजे, पाकोळीची शेपटी या साऱ्यांचे असेच झाले. आणि ज्वाळांचेही! ‘उष्ण’ किंवा ‘शिजवणे’ या अक्षरांखालचे चार ठिपके खरोखरच आगीचे आहेत.

म्हणजे मुळे वेगळी आणि रूप एक. जीवशास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. शार्क हा मासा, डॉल्फिन सस्तन प्राणी. पण दोघांनाही पाणी कापत जायचे असल्यामुळे शरीराची ठेवण सारखी झाली. अक्षरांच्या बाबतीत पाण्याचे ते काम कुंचल्याने केले.

आता तीन ठिपक्यांचे पाणी. पाणी दाखवणारे तीन ठिपके अक्षराच्या डाव्या अंगाला, एकाखाली एक येतात. पाणी तळाशी आले तर त्याचे रूप निराळे असते. त्यामुळे माशाखाली आडवे मांडलेले तीन ठिपके पाणी होऊच शकत नाहीत. हात न थांबवता लिहिताना चाराचे तीन होतात, कधी सगळे मिळून एक रेघ होते. चीनमधल्या आजच्या सोप्या लिपीत माशाखाली तशी एक रेघच आहे.

चेंगदे इथल्या उन्हाळी राजवाड्यावर याच सम्राटाने 1711 मध्ये लिहिलेली पाटी आहे. तिच्यातल्या ‘टाळणे’ या अर्थाच्या पहिल्या अक्षरात एक आडवी रेघ जास्त आहे, म्हणून त्या अक्षराला जगातले पहिल्या क्रमांकाचे चुकीचे अक्षर म्हणतात. मला हे अन्यायाचे वाटते. याच माणसाने 1710 मध्ये एक प्रचंड शब्दकोश करायला सांगितला. 1716 मध्ये तो पुरा झाला तेव्हा त्यात 47,000 हून अधिक अक्षरे होती. त्या जादा रेघेचे रूप तर तांग काळातल्या (सातवे ते दहावे शतक) आणि त्याआधीच्याही शिलालेखांत सापडते. त्या काळी एकाच अक्षराची अनेक रूपे सर्रास चालत. तांग काळातल्या एका कोशाने त्यांचे लोकरूढ, चालणारी आणि शुद्ध असे तीन गटच पाडले होते. मराठीतला आणि हिंदीतला ‘ल’ वेगळा दिसतो, म्हणून त्यातला एक चुकीचा ठरत नाही.

छुफू गावात कन्फ्यूशियसच्या वंशजांचा वाडा आहे. त्याच्या दारावर ‘समृद्धी’ या अक्षराचा माथ्यावरचा ठिपका नाही. संपत्तीला वरची मर्यादा राहू नये म्हणून तो गाळला, असे तिथे सांगतात. नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर वाढवून नशीब पालटेल असे मानणारे आपल्याकडेही आहेत. कागदावरच्या खुणेत असे बळ नसते. ठिपक्याविना असलेले हे रूप फार जुने आहे. जपानमध्ये ‘तोमिता’सारखी काही आडनावे आजही ठिपका न देता लिहितात.