खवलचोर : संग्रहालयांतील नमुना-नोंदी

पंचगंगा-कृष्णा खोऱ्यातील लहान, चपट्या अंगाचा, चार जोड्या मिशांचा मार्जारमीन. दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणारा म्हणून मासेमारांत जे नाव रूढ होते, तेच मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1952 मध्ये जातिनाम (शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द) केले आणि त्यासाठी निओट्रोपियस ही नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट, म्हणजे नावाचा पहिला शब्द) मांडली. मूळ वर्णन कोल्हापूरकडील पंचगंगेतल्या नमुन्यांवरून झाले. त्यामुळे या नदीतील प्रत्येक जुन्या नमुन्याला वेगळे मोल आहे.

प्रजातीचा प्रश्न बराच काळ खुला होता. अनेक सूच्यांनी कुलकर्णींची प्रजाती कायम ठेवली. साधारण 2016 पासून, डीएनएवर आधारलेल्या वंशवृक्षाच्या आधारे, ही जाती स्वेनसन यांच्या एकोणिसाव्या शतकातील पॅचिप्टेरस प्रजातीत घेतली जाते. दोन प्रजाती एकच ठरल्या की अग्रक्रमाने जुने नाव टिकते. कुलही (प्रजातींचा त्याहून मोठा गट) शिल्बिडीऐवजी होराबॅग्रिडी असे लिहिले जाते. ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते. प्रजाती बदलल्याने कर्त्याचे, म्हणजे जातीचे प्रथम वर्णन करणाऱ्याचे, नाव आता कंसात येते : पॅचिप्टेरस खवलचोर (कुलकर्णी, 1952). संगणकीय सूच्यांत एकीकडे कंस आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानेही एकाच माशाच्या नोंदी दोन जागी फुटतात. जातिनाम बदललेले नाही, म्हणून शोध त्यावरूनच घ्यावा. बरणीतली जुनी चिठ्ठी काढू नये. नवी ओळख वेगळ्या चिठ्ठीवर, ओळखणाऱ्याच्या नावासह व वर्षासह लिहून आत सोडावी. नोंदक्रमांक मात्र तोच राहतो.

स्थळाची नोंद सर्वांत फसवी. नुसते ‘कोल्हापूर’ म्हणजे शहर, जिल्हा, की 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालेले संस्थान? कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या पाण्याने प्रयाग चिखलीपाशी पंचगंगा होते आणि ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. प्रयाग चिखलीच्या वरचा नमुना कोणत्या उपनदीतला, हे लिहिलेच पाहिजे. जुन्या मोघम नोंदीला शहराच्या मध्याचे अक्षांश-रेखांश चिकटवले, तर नकाशावर खोटी अचूकता येते. अशा वेळी बिंदूबरोबर अनिश्चिततेची त्रिज्याही द्यावी. मंडईत विकत घेतलेल्या माशाची नोंद ‘बाजारातून’ अशीच करावी, कारण तिथे वारणा-दूधगंगेचा मालही येतो.

जतन करताना या माशाबाबत एक खास काळजी लागते. डीएनएसाठी उजव्या बाजूच्या पराचा (पोहण्याच्या पंखाचा) तुकडा आधी काढून 95 टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवतात (मोजमाप व छायाचित्र डाव्या बाजूचे असते). मग मासा 10 टक्के फॉर्मालिनमध्ये काही दिवस, नंतर पाण्यात धुऊन 70 टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मालिनमध्ये टाकणखार घातला नाही तर ते आम्लधर्मी होत जाते आणि हाडांतला व खवल्यांतला चुना विरघळू लागतो. खवलचोराच्या पोटातले खवले हाच त्याच्या आहाराचा पुरावा, आणि तोच असा नष्ट होतो. पचन लगेच थांबावे म्हणून उदरपोकळीत सुईने फॉर्मालिन सोडतात. चिठ्ठी चांगल्या सुती कागदावर पेन्सिलीने लिहावी, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

दाटीने भरलेल्या बरणीत मिशा तुटतात, अल्कोहोलमध्ये रंग उडतो आणि लांबी थोडी आक्रसते. म्हणून ताज्या माशाची मापे व जतनानंतरची मापे एका रकान्यात मिसळू नयेत. प्ररूप नमुन्याचे (ज्यावरून जातीचे मूळ वर्णन झाले त्या नमुन्याचे) पोट कापू नये. मणके मोजायला क्ष-किरणचित्र पुरते, आहार पाहायला त्याच नदीतले साधे नमुने वापरावेत.