जिप्सम जास्त म्हणजे जमीन भुसभुशीत? नाही हो!

चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या जमिनीत जिप्सम (कॅल्शियम सल्फेटचं खनिज) टाकलं की ती सुधारते, हे खरंच आहे, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि मातीचे कण एकत्र येतात. पण त्यावरून लोक धरून चालतात की जिच्यात मुळातच जिप्सम भरपूर आहे ती जमीन आपोआप चांगलीच असणार, आणि हे साफ चुकीचं आहे. स्पेनच्या एब्रो खोऱ्यात, इराक-सीरियात अशा जमिनी आहेत. तिथे जिप्समचा कडक थर बनला की मुळं खाली जातच नाहीत, शिवाय लिटरभर पाण्यात साधारण अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं, म्हणजे पाणी देत गेलं की आत पोकळ्या होऊन जमीन खचूही शकते.

त्यात तपासणीतच गडबड होते. नेहमीसारखी माती १०५ अंशाला ओव्हनमध्ये वाळवली की जिप्समच्या स्फटिकातलं पाणीही उडायला लागतं, ते त्याच्या वजनाच्या जवळपास २१ टक्के असतं, म्हणजे निम्मं जिप्सम असलेल्या मातीत १० टक्क्यांपर्यंत ओलावा नुसता कागदावर दिसू शकतो, पिकाला त्यातला थेंबही मिळत नाही! म्हणून ४०-६० अंशालाच वाळवा, वेळ लागू दे. पोताचंही, म्हणजे वाळू, गाळ, चिकणमातीच्या प्रमाणाचंही तेच, पाण्यात जिप्सम चिकणमातीचे कण गोळा करून खाली बसवतं आणि रिपोर्टात चिकणमाती कमी दिसते, जिप्सम धुवून काढलं तर उरलेली माती म्हणजे शेतातली माती नव्हेच. त्यामुळे रिपोर्टावर जाऊ नका, खड्डा खणा, थर कुठे लागतो, मुळं कुठे वळतात ते बघा आणि पाणी किती वेगाने मुरतं ते शेतातच मोजा.