पुण्याचे औद्योगिक मनुष्यबळ

पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील कुशल कामगार, तंत्रज्ञ आणि अभियंते यांचा समुदाय. कारखाना कुठे उभारायचा हे ठरवताना जमीन, पाणी, वीज आणि करसवलती यांच्याबरोबर हा समुदायही उद्योजक हिशेबात धरतात. यंत्र मागवता येते. ते चालवणारा, त्याचा बारीक बिघाड आवाजावरून ओळखणारा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात. तो जिथे आधीच आहे, तिथे नवा कारखाना येतो, आणि त्या कारखान्यामुळे अशी माणसे आणखी वाढतात.

या घडणीची सुरुवात जुनी आहे. बांधकाम खात्याला प्रशिक्षित माणसे मिळावीत म्हणून १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. त्यातूनच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय (सध्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) उभे राहिले. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळा कारखाना आला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स (१९४६) आणि पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (१९५४) हे पुढचे टप्पे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळरानावर कारखाने दाटू लागले.

यात टेल्कोचे (आताची टाटा मोटर्स) उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९६६ मध्ये सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली कंपनीने पुण्यात पाय रोवले ते यंत्रहत्यारे, साचे आणि कामगार-प्रशिक्षण यांपासून. इथले पहिले व्यापारी वाहन बाहेर पडायला १९७७ साल उजाडले. आधी माणूस, मग मोटार, हा क्रम आज विलक्षण वाटतो. पण त्याचा लाभ एकट्या टेल्कोला झाला नाही. आयटीआय करून आलेली मुले १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मोठ्या कारखान्यांत उमेदवारी करत आणि फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल-अँड-डाय मेकर (हत्यारे व साचे घडवणारे) होऊन बाहेर पडत. त्यांतल्या काहींनी भोसरी-चिंचवडमध्ये गाळा घेतला, एक-दोन लेथ टाकले आणि जुन्याच कंपनीचे जॉब, म्हणजे सुट्या भागांची कामे, करून द्यायला सुरुवात केली. सुट्या भागांच्या पुरवठादारांचे दाट जाळे यातूनच विणले गेले. चाकण परिसरात नंतर आलेल्या वाहन कंपन्यांना हे जाळे तयार मिळाले.

भाषेचाही वाटा आहे. पुण्यात जर्मन आणि जपानी शिकण्याची परंपरा अनेक दशकांची आहे. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवनातून शिकलेले दुभाषे आणि अभियंते परदेशी कंपन्यांना इथेच भेटतात. संगणक क्षेत्रातही घडण अशीच झाली: १९८८ मध्ये सी-डॅक (प्रगत संगणन विकास केंद्र) आले, १९९१ मध्ये तिथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, आणि हिंजवडीचे आयटी पार्क पुढे शहरातल्या पदवीधरांच्या भरवशावर वाढले.

‘स्थानिक’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. हा कामगार मुख्यतः सातारा, सांगली, सोलापूर, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), मराठवाडा आणि खानदेशातून आला, भाड्याच्या खोलीत राहिला, कंपनीच्या बसने पाळी गाठत राहिला आणि मुलांच्या शाळेपायी पिंपरी-चिंचवडकर झाला. शासकीय प्रोत्साहन योजनांतील ८० टक्के स्थानिक रोजगाराच्या अटीत ‘स्थानिक’ म्हणजे राज्याचा रहिवासी, शहराचा नव्हे.

अलीकडे कायम कामगारांच्या जागी ठेकेदारामार्फत आलेले आणि ठरावीक मुदतीचे प्रशिक्षणार्थी यांची भरती वाढली आहे. तेच काम, शेजारचेच यंत्र, पण पगार कितीतरी कमी, अशी तक्रार कामगार संघटना सातत्याने मांडतात आणि ती रास्त आहे. काही महिन्यांनी बदलणाऱ्या मुलाला यंत्र ओळखीचे होईपर्यंत त्याची मुदत संपते. शिवाय कायम झालेल्या ज्या फिटरच्या हाताखाली पूर्वी उमेदवार तयार होत, ते निवृत्त होत चालले आहेत आणि त्यांच्या जागा पुष्कळ ठिकाणी भरल्याच जात नाहीत.