जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला फोटो?

‘मेगापिक्सेल जितके जास्त, तितका फोटो सरस’ हा मेसेज बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कॅमेऱ्याच्या खोक्यावर तोच आकडा ठळक असतो. पण तो फक्त ठिपक्यांची संख्या सांगतो. २४ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६०००×४००० ठिपके. लग्नाच्या अल्बममधल्या १२×१८ इंची पानाला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, ३६००×५४०० पुरतात.

रात्रीच्या विसर्जन मिरवणुकीत खरा फरक लेन्स पाडते. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. झूम केल्यावर एफ/५.६ पर्यंतच उघडणाऱ्या किट लेन्सपेक्षा (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी लेन्स) ५० मिमी एफ/१.८ लेन्स नऊपटीहून जास्त प्रकाश आत घेते. पडताळायचं तर दुकानात एकाच बॉडीवर (लेन्सशिवायचा कॅमेरा), त्याच आयएसओला (प्रकाशाला संवेदनशीलतेचा आकडा), अपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडून दोन्ही लावा आणि कॅमेरा आपोआप निवडतो तो शटरचा वेग बघा; जास्त प्रकाश आत आला की तो वाढतो. माझं मत ठाम आहे: बॉडी जुनी चालेल, पैसे लेन्सवर घाला.