अक्षरं दिसत होती, साठत नव्हती

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीची रौप्यमहोत्सवी स्मरणिका २००२ साली निघाली. छापील प्रत आजही सुबक दिसते. आता सुवर्णमहोत्सवाच्या तयारीसाठी जुन्या सीडीवरच्या वर्ड फाइली उघडल्या, तर लेखांच्या जागी इंग्रजी अक्षरं, आकडे, डॉलरची खूण आणि डोक्यावर टिंबं-रेघा असलेले युरोपीय स्वर. आधी वाटलं, सीडी खराब झाली. पण फाइली ठणठणीत आहेत. २००२ मध्येही त्या आतून अशाच होत्या. वरून एका फाँटने त्यांना मराठी रूप दिलं होतं आणि तो फाँट आता आमच्याकडे नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे एआय आणि मराठीबद्दल सतत येणाऱ्या बातम्या. मे २०२४ मध्ये ओपनएआय कंपनीने जीपीटी-४ओ हे एआय मॉडेल आणलं, तेव्हा मराठीतल्या एका नमुना वाक्याला आधी ९६ टोकन लागायची, आता ३३ पुरतात, असं जाहीर केलं. टोकन म्हणजे मजकुराचे तुकडे. यंत्र ते मोजतं आणि पैसेही त्यांच्यावर लागतात. सुधारणा खरी आहे, मला आनंदही झाला. पण माझ्या मते आपली मुख्य अडचण टोकनची नाही. यंत्राला वाचायला मराठी मजकूरच अपुरा मिळतो, आणि त्याचं कारण मराठी लिहिणारे कमी आहेत हे नव्हे. दीड-दोन दशकं आपण ढीगभर मजकूर टाइप केला, तो अक्षरं म्हणून साठवलाच नाही.

वाईट याचं वाटतं की योग्य रस्ता तेव्हा तयार होता. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम झालं आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत वाढलं. जिस्ट नावाचं कार्ड पीसीमध्ये बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. मोहन तांबे यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. त्यामागची संकेतप्रणाली, म्हणजे कुठलं अक्षर कुठल्या आकड्याने साठवायचं ते ठरवणारी पद्धत, म्हणजे इस्की. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली, आयएस १३१९४. तिची कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. संगणकाने साठवायचा तो उच्चाराचा क्रम. ‘कि’ लिहिताना आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. वेलांटी डावीकडे काढायची, हे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने बघायचं. ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला सारखीच, म्हणून संकेतही सारखे. तोच मजकूर लिपी बदलून गुजरातीत किंवा कन्नडमध्ये दाखवता यायचा. १९८६ मध्ये आलेला इनस्क्रिप्ट कीबोर्डही याच विचाराचा: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या.

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच संकेतप्रणालीची, पहिली आवृत्ती आली. तिच्यातला देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून बेतलेला होता. म्हणजे आपलं काम जागतिक मानकात पोचलं होतं.

मग बाजारात फाँट का जिंकले? छपाईमुळे. नव्वदच्या दशकात विंडोज आणि छपाईची पानं लावणारं पेजमेकर आले आणि ठाणे स्टेशनच्या आसपास, गोखले रोडच्या गल्ल्यांत डीटीपीची दुकानं उघडली. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक, सगळं तिथे. तेव्हाच्या विंडोजला जोडाक्षर जुळवता येत नव्हतं, त्याला फक्त फाँट कळायचा. मग फाँट करणाऱ्यांनी युक्ती काढली. एका फाँटमधल्या २५६ घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धा क, रफार असे सुटे आकार बसवले. वेलांटी दिसते तिथे, म्हणजे व्यंजनाच्या आधीच टाइप व्हायची. शिवाय कुठल्या घरात कुठला आकार, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात उघडत नसे, आणि गिऱ्हाईक कायमचं बांधलं जाई.

दुकानदारांना मी दोष देत नाही. संध्याकाळपर्यंत पत्रिका छापून द्यायची असताना संकेतप्रणालीचा विचार कोण करणार? पण त्यांना दुसरा पर्याय मिळायला फार वर्षं गेली, ते मात्र खटकतं.

विंडोज २०००मध्ये देवनागरी आली, मंगल फाँटसकट. हा फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. आयआयटी मुंबईत शिकवून झाल्यावर ते एनसीएसटी या संस्थेत काम करत. ती २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली; आज सी-डॅक मुंबईचं काम जुहूबरोबर नवी मुंबईत खारघरलाही चालतं. पुढच्या विंडोज एक्सपीवर मराठी हवी तर सेटिंगमध्ये शिरून एक खूण करावी लागे आणि विंडोजची सीडी घालावी लागे. ती खूण ज्यांना सापडली, त्यांनी पुढे खूप काही केलं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला, तो युनिकोडवरच. वर्तमानपत्रांची संकेतस्थळं मात्र अजून आपापल्या फाँटवर होती. फाँट उतरवून घेतला नाही तर पान वाचता येत नसे, आणि शोधयंत्राला तर त्यातलं काहीच सापडत नसे.

छापखान्यांचं अडलं ते पान लावण्याच्या सॉफ्टवेअरपाशी. पेजमेकरला युनिकोड देवनागरी कधीच जमली नाही. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय भाषांची अधिकृत सोय २०१२च्या सीएस६ आवृत्तीत आली. युनिकोडची पहिली आवृत्ती निघून तोवर वीस वर्षं उलटून गेली होती.

युनिकोडमध्येही मराठीला वाट बघावी लागली. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. मराठी वर्णमालेचा प्रमाण आराखडा ठरवणारा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९चा. आणि डोळ्यांच्या पापणीसारखा दिसणारा आपला ‘ऱ्य’! दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा ‘ऱ्य’ लिहिण्याच्या दोन रीती आहेत: एक खालच्या टिंबाच्या ‘ऱ’ने, दुसरी साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेताना नीट काळजी घेतली नसेल तर संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

खाडीपलीकडे ऐरोली-महापे पट्ट्यात एकामागून एक डेटा सेंटर उभी राहत आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, आणि डिसेंबर २०१०चं साहित्य संमेलनही ठाण्यातच भरलं. यंत्रं इथे, वाचणारे इथे, लिहिणारेही इथे. ज्या प्रकाशनांकडे, संस्थांकडे आणि कचेऱ्यांकडे १९९५ ते २०१०च्या फाइली असतील, त्यांनी सीडी आणि हार्ड डिस्क टाकून देऊ नयेत, असं मला कळकळीने वाटतं. कुठला फाँट होता, एवढं जरी चिठ्ठीवर लिहून ठेवलं तरी मजकूर परत मिळतो. प्रत्येक फाँटचा तक्ता करून त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं.

स्मरणिकेचं तेच चाललंय. तक्ता छापील प्रतीवरून बसवला: डॉलरच्या जागी काय, टिंबवाल्या स्वराच्या जागी काय. वेलांट्या उचलून व्यंजनामागे नेल्या. पहिल्या फेरीत येऊरच्या सहलीवरच्या लेखातल्या दऱ्यांचा दर्या झाला होता. वरच्या मजल्यावरच्या काकू जुनी प्रत हातात घेऊन मोठ्याने वाचतात, मी पडद्यावर ताडून बघतो. चौदा लेख झाले, सहा राहिलेत.