बालकक्ष सजावट

लहान मुलाच्या झोपण्या-खेळण्याच्या खोलीची, किंवा घरात त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या कोपऱ्याची, रंग, चित्रे, फर्निचर व कापडकाम यांच्या साहाय्याने केलेली मांडणी म्हणजे बालकक्ष सजावट. तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर टांगलेल्या चिमणाळ्यापासून, म्हणजे झुलत्या पक्ष्यांच्या खेळण्यापासून, शाळकरी मुलाच्या टेबलामागच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रापर्यंत तिचा पसारा असतो. तयार स्टिकर, वॉलपेपर आणि छापील चादरी आणून ती साधता येते, तशीच ती चित्रकाराकडून, सुताराकडून किंवा घरातल्याच माणसाच्या हातून त्या एका मुलासाठी खास करवून घेता येते. हे खास काम महाग असतेच असे नाही, पण त्याला विचार अधिक लागतो. खोली मोठ्यांच्या डोळ्यांना गोड दिसणे वेगळे आणि ती मुलाच्या हाताला येणे वेगळे. या कलेत जे काही टिकाऊ घडले, ते दुसऱ्या गोष्टीचा ध्यास घेतलेल्या माणसांकडून घडले आहे.

मराठी घरातील परंपरा

मुलाची स्वतंत्र खोली ही मराठी घरात अलीकडची गोष्ट आहे. वाड्यातली मुले माजघरात नि ओसरीवर वाढली, चाळीतली एकाच खोलीत आणि गॅलरीत. आजही शहरांतल्या लहान सदनिकांमध्ये खोलीऐवजी एखादी भिंत किंवा खिडकीजवळची जागाच मुलाच्या वाट्याला येते. तरीही मुलासाठी म्हणून घडवलेल्या सुंदर वस्तूंची वाण कधी नव्हती. बारशाच्या दिवशी पाळणा सजे. त्यावर कापडी किंवा लाकडी राघू-मैनांचे चिमणाळे लटके. कुंची, दुपटे आणि टोपडे यांवर आई-आजी-आत्याच्या हातचे भरतकाम असे. जुन्या मऊ लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेली गोधडी ही तर खास त्या बाळासाठी केलेली कलाकृतीच होती, कारण तिच्यातला प्रत्येक तुकडा कोणाच्या अंगावरचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक असे. सावंतवाडीच्या कारागिरांनी रंगवलेली लाकडी फळे, भातुकली आणि पांगुळगाडे कोकणाबाहेरच्या घरांतही पोचले.

मुलांशी जोडलेले एक चित्र मात्र घरोघर भिंतीवर असे आणि अनेक घरांत ते अजूनही असते. ते म्हणजे श्रावणात देवघरापाशी लावला जाणारा जिवतीचा कागद. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, बुध-बृहस्पती आणि अंगाखांद्यावर मुले खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, शेजारी पाळणा, अशी त्याची रचना असते. श्रावणातल्या शुक्रवारी त्याची पूजा करून आई मुलांना ओवाळते. हे चित्र मुलाच्या करमणुकीसाठी काढलेले नाही. पण पाळण्यातले मूल, मांडीवरचे मूल, हात धरून उभे असलेले मूल असे मुलांनी भरलेले दुसरे चित्र बहुधा त्या घरात नसे, आणि मुले ते न्याहाळत उभी राहत. याच्या जोडीला मुलाच्या स्वतःच्या हाताची सजावट म्हणजे दसऱ्याची पाटी. एकाचे आकडे ठरावीक रीतीने मांडून पाटीवर सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचे आणि ती पाटी पूजेत ठेवायची. सजावटीचा इतका स्वस्त आणि इतका मुलाचा स्वतःचा प्रकार शोधून सापडणार नाही.

वारली चित्रकला आज मुलांच्या खोल्यांत सर्रास दिसते. डहाणू-जव्हार-तलासरी भागातल्या वारली स्त्रिया लग्नप्रसंगी गेरू-मातीने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने देवचौक, म्हणजे लग्नविधीतला देवाचा चौकोन, लिहीत. टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी हा त्यांचा कुंचला. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला कागदावर आणि कापडावर आणून जगापुढे नेली; त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वर्तुळ, त्रिकोण आणि रेषा एवढ्यावर ती उभी असल्याने सहा-सात वर्षांचे मूलही तिच्यात हात घालू शकते. मात्र देवचौक हे विधीतले चित्र आहे. खोलीसाठी शेते, झाडे, मासेमारी किंवा तारपा या वाद्यावरचा नाच हे विषय घेणे उचित, आणि काम शक्यतो वारली चित्रकारांकडूनच करवून घेणे न्याय्य.

युरोपातील वाटचाल

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात सुखवस्तू घरांतून मुलांची खोली वेगळी झाली आणि तिच्यासाठी वेगळा कागदही छापला जाऊ लागला. चित्रकार वॉल्टर क्रेन यांनी १८७५ मध्ये बालगीतांतल्या पात्रांचा एक वॉलपेपर रेखाटला, आणि पुढे असे अनेक केले. त्या काळात हिरव्या वॉलपेपरांच्या रंगांत आर्सेनिक असे आणि दमट खोल्यांत ते विषारी ठरे. त्यामुळे आर्सेनिकमुक्त, धुता येण्याजोगा कागद ही बालकक्षाची पहिली गरज मानली जाऊ लागली. स्वीडनमध्ये कार्ल आणि कारिन लार्सन या चित्रकार दांपत्याने सुंडबॉर्न गावातले आपले घर स्वतःच्या हाताने रंगवले, विणले आणि मांडले. दारांवर घरातल्याच माणसांची चित्रे काढली, भडक आणि स्वच्छ रंग वापरले. खास एका कुटुंबासाठी केलेल्या सजावटीचे ते घर आजही उत्तम उदाहरण आहे आणि ते पाहायला खुले आहे.

खरी कलाटणी मिळाली ती इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्यामुळे. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले, तेव्हा मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या, बुटकी टेबले आणि हाताला पोचतील अशी कपाटे घडवून घेतली. भिंतीवरची चित्रेही त्यांना मुलांच्या नजरेच्या टप्प्यात हवी होती. महाराष्ट्रात हा विचार बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी बोर्डी व कोसबाड येथे नेला आणि अनुताई वाघ यांनी तो पुढे चालवला. महागडी आयात साधने परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, गोटे, माती अशा परिसरातल्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. काटकसर म्हणून केलेली ही निवड सजावटीच्या दृष्टीनेही फार मोलाची आहे, कारण चिंचोके आणि शिंपले यांच्यातले रंगांचे बारकावे प्लास्टिकच्या कुठल्याच खेळण्यात नसतात.

जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेने १९२३ मध्ये वायमार येथे नमुन्यादाखल एक घर बांधले. त्यातली मुलांची खोली आल्मा बुशर या तरुण विद्यार्थिनीने घडवली. तिने भिंतीवर प्राण्यांची चित्रे काढली नाहीत. उलट मुलांना स्वतः लिहिता-चितारता येईल असा भिंतीचा भाग मोकळा ठेवला. लाल, पिवळ्या, निळ्या रंगांची मोठी खोकी होती, ती उलटीसुलटी करून त्यांचे बाक, टेबल किंवा दुकान होई, आणि चाके असलेल्या खोक्याची गाडी. खेळण्यांच्या कपाटाच्या दारात एक चौकोनी खिडकी होती. दार उघडे धरले की बाहुल्यांच्या नाटकाचा पडदा तयार. शंभर वर्षांनंतर बाजारात मिळणारे बरेचसे महाग ‘थीम’ फर्निचर या एका खोलीपुढे फिके पडते, कारण त्यातला मोटारीच्या आकाराचा पलंग मोटारच राहतो, त्याचे दुसरे काही होत नाही.

बाळाची दृष्टी आणि चित्रांची जागा

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचे त्यातल्या त्यात बरे दिसते, म्हणजे पाजणाऱ्या आईचा चेहरा असतो तेवढ्यावरचे. त्यापलीकडचे सगळे धूसर असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले, की तान्ही बाळे सपाट एकरंगी आकृतीपेक्षा नक्षीकडे, विशेषतः चेहऱ्यासारख्या रचनेकडे अधिक वेळ पाहतात. फिकट गुलाबी किंवा आकाशी छटा पहिल्या आठवड्यांत बाळाच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यातच जमा असतात. काळ्यापांढऱ्या ठळक आकृत्या त्याला खिळवून ठेवतात. रंगांची जाण काही महिन्यांत झपाट्याने सुधारते.

यावरून पाळण्यावरच्या झुलत्या खेळण्यांविषयी एक गोष्ट सहज तपासून पाहता येते. दुकानातले बरेच झुंबर उभ्या माणसाला बाजूने हत्ती-घोडे दिसतील असे केलेले असते. पाळण्यात पडलेल्या बाळाला मात्र खालून हत्तीची पोटे आणि चार पायांची टोके दिसतात. खरेदीपूर्वी किंवा करवून घेताना ते डोक्यावर धरून खालून पाहावे. जुन्या चिमणाळ्यात पक्षी वेगवेगळ्या उंचीवर आणि वाऱ्याने फिरते असल्याने हा दोष बराच टळे.

मोठ्या मुलांच्या बाबतीत अति सजावटीचाही तोटा आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील प्रयोगात चित्रांनी गच्च भरलेल्या वर्गात बालवर्गातल्या मुलांचे लक्ष अधिक विचलित झाले आणि साध्या भिंतींच्या वर्गात ती अधिक शिकली. प्रयोग लहान होता आणि वर्गातला होता. तरी अभ्यासाच्या टेबलासमोरची भिंत शांत ठेवावी आणि चित्रे पाठीमागच्या किंवा पलंगाकडच्या भिंतीवर घ्यावीत, एवढे त्यावरून म्हणता येते.

खास करवून घेतलेली चित्रे

भित्तिचित्राचे यश निम्म्याहून अधिक भिंतीच्या तयारीवर अवलंबून असते. नवा गिलावा पूर्ण वाळू द्यावा लागतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर बाहेरच्या भिंतींना ओल धरते, पोपडे सुटतात, आणि त्यावर काढलेले जंगल वर्षभरात सोलवटून निघते. म्हणून चित्रासाठी घराच्या आतल्या बाजूची भिंत निवडणे शहाणपणाचे. जुना सुटा रंग खरवडून, लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपरने घासून, प्रायमर आणि पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे दोन हात दिल्यावर आखणी सुरू होते. छोट्या रेखाटनावर चौकोन पाडून त्याच पटीत भिंतीवर चौकोन आखणे ही जुनी खात्रीची रीत. हल्ली प्रोजेक्टरने चित्र भिंतीवर पाडून बाह्यरेषा गिरवतात. चित्रकार बहुधा चौरस फुटावर दर सांगतात, पण त्याच दरात एका भिंतीवर एकच मोठे वडाचे झाड येते नि दुसरीवर चाळीस पक्षी, त्यामुळे कच्चे रेखाटन पाहून मगच व्यवहार ठरवलेला बरा.

विषय निवडताना गाजलेल्या कार्टूनपेक्षा मुलाच्या अनुभवातल्या गोष्टी दीर्घकाळ टिकतात. आजोळच्या विहिरीवरचा रहाट, दारातला प्राजक्त, लोकलचा डबा, दिवाळीत मुलांनी अंगणात रचलेला किल्ला, हे विषय मूल मोठे झाले तरी परके होत नाहीत. कार्टूनचे पात्र सातव्या वर्षी ‘लहान मुलांचे’ ठरून नकोसे होते. दुसरा उपाय असा, की छतापर्यंत भिंत रंगवण्याऐवजी जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांचा पट्टाच चित्रासाठी घ्यावा. मूल उभे राहिले की चित्र त्याच्या डोळ्यांसमोर येते, वरची भिंत फ्रेमसाठी मोकळी राहते आणि पुढे बदल करणेही सोपे जाते. याच पट्ट्याचा एक भाग फळ्याच्या काळ्या किंवा हिरव्या रंगाने रंगवला तर मूल उरलेल्या भिंतीला सहसा सोडते.

भाड्याच्या घरात भिंत रंगवता येत नाही. तिथे कॅनव्हास, प्लायवूडचे रंगवलेले फलक, कापडी पडदे आणि गोधड्या कामी येतात. बाळाच्या हातापायांचे ठसे, बारशाच्या दिवशी लावलेली नावाची पाटी, चार पिढ्यांची नावे फांद्यांवर लिहिलेला वंशवृक्ष, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीच्या, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याच्या लोककलेच्या, शैलीत काढलेली एखादी गोष्ट, असे अनेक प्रकार आज करून मिळतात. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांत देवनागरी मुळाक्षरांचे फलक आवर्जून लावले जातात, आणि ‘ज्ञ’पर्यंतची सगळी अक्षरे हाताने लिहून घेतलेली असली तर त्यांचा डौल छापील तक्त्याहून निराळाच असतो. मुलाची स्वतःची चित्रे मात्र सर्वांत मोक्याच्या जागी हवीत. एक दोरी, दहा चिमटे, आणि चित्रे बदलण्याचा अधिकार मुलाकडे, एवढ्याने भागते.

सुरक्षितता

भारतात २०१६ च्या नियमांनुसार घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक असू शकत नाही. हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. अडचण जुन्या घरांची आहे. जुनी रंगीत दारे, खिडक्या किंवा वारसाने आलेला पाळणा कोरडाच घासल्यास शिशाची धूळ उडते. हे काम बाळ व गरोदर स्त्री घरात असताना करू नये. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे.

पाळण्यात मऊ उशा, कडेच्या गाद्या आणि टांगते रिबिनीचे झुपके ठेवू नयेत, कारण त्यांनी बाळाचा श्वास कोंडण्याचा धोका असतो. कडेच्या गाद्यांवर अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्याने बंदी घातली. बाळ हातापायांवर उठू लागले की पाळण्यावरचे झुंबर काढावे. उंच कपाटे आणि पुस्तकांचे रॅक भिंतीला स्क्रूने बांधावे, पडद्याच्या दोऱ्या हाताबाहेर ठेवाव्यात, पलंग खिडकीखाली मांडू नये, आणि पलंगाच्या उशाशी काचेची जड फ्रेम लावू नये.

बालवाड्या व अंगणवाड्या

सामूहिक बालकक्षांसाठी भारतात ‘बाला’ (बिल्डिंग ॲज लर्निंग एड) ही संकल्पना रुजली. इमारत हेच शिकण्याचे साधन, असा तिचा अर्थ आहे. दिल्लीच्या विन्यास या वास्तुरचना केंद्राने युनिसेफच्या साहाय्याने तिचा विकास केला आणि अनेक राज्यांतल्या शाळा व अंगणवाड्यांनी ती स्वीकारली. दार उघडते तिथे जमिनीवर कोनमापक आखलेला असतो, म्हणजे दार किती अंशांत उघडले ते मुलांना दिसते. खिडकीच्या गजांना अक्षरांपूर्वीच्या वळणांचा आकार दिलेला असतो, मुले त्यांवरून बोट फिरवतात. पायऱ्यांवर अंक आणि खांबावर उंचीची पट्टी असते. महाराष्ट्रातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांच्या रंगवलेल्या भिंती याच विचाराशी नाते सांगतात. त्यांत जिथे केवळ सुविचार आणि नेत्यांच्या तसबिरी छताजवळ रंगवल्या जातात तिथे बालवाडीतल्या मुलाला मान वर करूनही काही वाचता येत नाही. जिथे गावचाच नकाशा, ओढा, देऊळ आणि शाळा मुलाच्या छातीच्या उंचीवर काढलेली असतात, तिथे मुले आपले घर बोटाने दाखवतात.