ताकद वाढवली की रेसची गाडी होते?

पुण्यात कोरेगाव पार्कच्या सिग्नलला एखादी बेंटली काँटिनेंटल जीटी थांबली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "रेसची जीटी3 म्हणजे हीच गाडी, सीटा काढून इंजिन पिळलेली." हे चूक आहे. जीटी3 हा रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या रेसच्या गाड्यांचा एक वर्ग.

इंजिनात तर उलटीच गोष्ट. 4 लिटरचं ट्विन-टर्बो व्ही8 मूळचं तेच, पण जीटी3 स्पर्धेत सगळ्या गाड्या बरोबरीत याव्यात म्हणून आयोजक टर्बोचा दाब आणि किमान वजन ठरवून देतात. त्यामुळे ताकद हवी तेवढी वाढवताच येत नाही. रस्त्यावरची 12 सिलिंडरची डब्ल्यू12 स्पीड 600 अश्वशक्तीच्या पुढे जाते, ती उगाच नाही.

खरा फरक वजनाचा. दुसऱ्या पिढीची रस्त्यावरची व्ही8 जीटी सुमारे 2300 किलोची; 2013 च्या अखेरीस ट्रॅकवर उतरलेली जीटी3 1300 च्या आत. लाकूड, चामडं, गालिचे निघाले, तसेच पुढच्या चाकांना फिरवणारे शाफ्टही. म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह गेली. सहा गिअरचा सिक्वेन्शियल (ओळीने एकेकच गिअर बदलणारा) गिअरबॉक्स मागे सरकवला, म्हणजे नाकावरचा भार कमी. तेलासाठी ड्राय संप, म्हणजे तेल इंजिनाच्या तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत, कारण लांब वळणात साध्या संपमधलं तेल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जळतात.

"एफआयएचं होमोलोगेशन आहे, मग पासिंग होईल" हाही गैरसमजच. एफआयए ही मोटर शर्यतींची जागतिक संघटना; तिचं होमोलोगेशन, म्हणजे गाडीला दिलेली मान्यता, फक्त शर्यतीपुरतं. रस्त्यासाठीची प्रकार-मान्यता वेगळी. तिच्या चाचण्या आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतही होतात.